मदत हवी आहे: ट्रान्समीटर सुरू झाला, तरी चोपड्याकडे एएमवर खरखर

तापीकाठ
बिघाडानंतर रेडिओ केंद्राचं प्रक्षेपण परत सुरू झालंय. आमचं घर शेतात, चोपड्याच्या उत्तरेला. केंद्र आग्नेयेला साठेक किलोमीटर. सकाळी ठीक लागतं, दुपारी मात्र खरखरीत बुडतं. रात्रीही तेच, वर शिट्टी. आवाज पूर्वीइतकाच मोठा. एफएम ठणठणीत. केंद्र कमी पॉवरवर आहे की रेडिओ गेला?

गँगकंडेन्सर
भाऊ, आवाजाच्या मोठेपणावरून काही ठरवू नका. सिग्नल पडला की रेडिओतलं एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवतं. बोलणं तेवढंच राहतं, खरखर वर येते.

कमी पॉवरची शक्यता आहेच. सॉलिड स्टेट ट्रान्समीटरमध्ये बरीच पॉवर मॉड्यूल्स असतात, काही गेली तरी उरलेल्यांवर तो चालतो. पण 20 किलोवॉटचे 5 झाले तरी क्षेत्रतीव्रता (तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या सिग्नलचा जोर) निम्मीच होते, म्हणजे 6 डेसिबलचा फटका. शांत जागी तो जाणवतही नाही. तुमच्याकडे स्टेशन बुडतं म्हणजे गोंगाट आधीच काठावर होता.

तपासणी भर दुपारी करा, रात्री नको. अंधार पडला की वातावरणातला डी थर (दिवसा एएमच्या लहरी शोषणारा) विरतो आणि लांबची स्टेशनं आकाशलहरींनी (वरच्या थरांवरून परतून) आपल्यावर आदळतात. तुमची शिट्टी बहुधा तीच. रेडिओ सेलवर लावा, घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर एलईडी बल्ब आणि चार्जर एकेक करून लावून बघा. नाही गेली तर रेडिओ घेऊन खांब आणि विहिरीपासून दोन-तीनशे मीटर लांब जा.

दोन वाक्यांमधल्या शांततेतही खरखर दबलेली राहिली तर कॅरिअर (आवाज वाहून आणणारी मूळ लहर) पोचतोय. कॅरिअर आहे पण बोलणंच नाही, तर दोष मॉड्युलेशनचा (कॅरिअरवर आवाज चढवण्याचा) किंवा स्टुडिओकडून येणाऱ्या लिंकचा. तिथे अँटेना लावून उपयोग शून्य.

तापीकाठ
मेन पाडून फरक नाही. शेतीची थ्री फेज गेली की मात्र खरखर एकदम थांबते. या आठवड्यात ती सकाळी नसते.

गँगकंडेन्सर
मग सापडलं. जवळ व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालणारी मोटार असेल तर सगळ्या बँडवर एकसारखी घरघर येते. तडतड येऊन वाऱ्यासोबत कमी-जास्त होत असेल तर खांबावरचा सैल जंपर (तारा जोडणारा तुकडा) किंवा इन्सुलेटर. रेडिओ हातात आडवा धरून फिरवा. खरखर जिथे सर्वांत कमी, तिथे रेडिओच्या आतल्या फेराइट रॉडचं (एएमच्या अँटेनाचं) टोक उगमाकडे असतं. दोन जागांवरून बघितलं की खांब कळतो. त्याचा क्रमांक वायरमनला द्या, स्वतः हात लावू नका.

वेढे_बारा
तोवर लूप अँटेना करा. पीव्हीसी पाइपची 60 सेंमी बाजूची चौकोनी फ्रेम (लोखंड नको), मोटार वाइंडिंगची 24 गेजची तार, 5 मिमी अंतराने 13 वेढे. तार 32 मीटर लागते. दोन्ही टोकांना 365 पीएफचा (पिकोफॅरड) गँग, म्हणजे स्टेशन जुळवायचा फिरता कंडेन्सर. खिशातल्या ट्रान्झिस्टरचा 140 पीएफचा गँग 900 किलोहर्ट्झच्या वर भागतो, खाली अपुरा पडतो.

रेडिओला तार जोडायची नाही, लूपशेजारी ठेवायचा. लूपची कड आग्नेयेला, रेडिओतला रॉड ईशान्य-नैऋत्य. गँग सावकाश फिरवा. जुळला की स्टेशन उसळून वर येतं. एक मात्र आहे: खरखरीचा उगमही आग्नेयेलाच असेल तर लूप दोन्ही वाढवेल. मग फ्रेम थोडी तिरकी करून उगम नलमध्ये (लूप सर्वांत कमी पकडतो त्या दिशेत) घ्या, स्टेशन जरा कमी झालं तरी चालेल.

केंद्राला कळवायचंच असेल तर तारीख, वेळ, गाव, रेडिओचं मॉडेल आणि थ्री फेज नसतानाचं दुपारचं मिनिटभर रेकॉर्डिंग पाठवा. नुसतं 'नीट लागत नाही' यावरून तिथल्या इंजिनिअरला काही कळत नाही.