अनुभव: डार्लिंग नदीच्या काठाने

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सच्या आतल्या भागात डार्लिंग नदीकाठाने प्रवास केलेल्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. वॉलगेट ते वेंटवर्थ हा रस्ता साधारण ९५० किमीचा, बराचसा कच्चा. इथले मूळ रहिवासी बार्कंजी लोक या नदीला 'बाका' म्हणतात. गाडी कुठली नेली हे सांगाच, पण मला जास्त ऐकायचंय ते नदीबद्दल. तुम्ही गेलात तेव्हा पाणी होतं का? काठावरच्या माणसांनी काय सांगितलं?

ब्रिस्बेनकर

आम्ही ब्रूवॉरिनाला थांबलो ते तिथले मासे पकडायचे दगडी सापळे बघायला. तिथे नदीचं नाव अजून बार्वन असतं, पुढे बर्क गावाच्या अलीकडे ती डार्लिंग होते. पात्रात जवळपास अर्धा किलोमीटर दगडांची अर्धगोल कुंपणं एकमेकांना लागून रचलेली आहेत. पाणी चढलं की मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात, कुंपणात शिरतात, मग तोंडाशी दगड लावून वाट बंद करायची. एकेक दगड असा बसवलाय की पुरातही हलू नये. तिथले मूळ रहिवासी न्गेम्बा लोक सांगतात, बायामे या पूर्वजाने ही रचना दिली आणि कुठला सापळा कुणी सांभाळायचा तेही ठरवून दिलं. आजूबाजूच्या जमाती इथे जमत, मासे सगळ्यांना पुरत. एकोणिसाव्या शतकात स्टीमर जाव्यात म्हणून यातले दगड हलवले गेले. २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नाव आलं. काठावर उभं राहून मला या लोकांबद्दल अपार आदर वाटला. पाणी कमी असताना जा, चढलं की काहीच दिसत नाही.

वऱ्हाडी (सध्या सिडनी)

बर्कजवळची माती पाहून मी गाडीतून उतरलोच. आपल्यासारखीच, वाळली की भेगाळणारी, भिजली की पाय ओढणारी. कापूसही आहे, पण आमच्याकडे बहुतेक कापूस पावसावर येतो आणि इथे ओलिताचा. पूर आला की पाणी मोठमोठ्या साठवण तळ्यांत वळवून घेतात. वरच्या अंगाला एवढं पाणी काढल्यावर खाली काय उरणार, हा प्रश्न बर्कच्या खाली प्रत्येक गावात कानावर येतो. शेतकऱ्याच्या घरचा असूनही मला तो रास्त वाटतो.

बर्कच्या कब्रस्तानात पत्र्याची एक छोटी मशीद आहे, पूर्वी इथे उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांची. 'अफगाण' म्हणत सगळ्यांना, पण त्यांत बलुची, पंजाबीही होते. त्याच कब्रस्तानात नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांची समाधी आहे. आदिवासी वस्त्यांतल्या डोळ्यांच्या आजारांवर त्यांनी आयुष्य वेचलं. तिथे मात्र वेळ काढून थांबा.

भटकी

वऱ्हाडी, उंटांचं निघालंच आहे म्हणून. बर्क आणि विल्स या शोधकांच्या (हा बर्क माणूस, गाव नव्हे) १८६० च्या ऑस्ट्रेलिया ओलांडायच्या मोहिमेसाठी उंट आणले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! ती मोहीम डार्लिंगकाठच्या मेनिंडी गावात थांबून पुढे गेली. त्यातला एक उंटवाला, दोस्त महंमद, पुढे मेनिंडीलाच राहिला. गावाबाहेर त्याची एकटी कबर आहे. मोहिमेच्या पुढाऱ्यांचे पुतळे शहरात पाहिले होते. इथे फूल ठेवताना भरून आलं.

मेलबर्नहून

मी मेनिंडीबद्दलच लिहिते. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात इथे लाखो मासे मेले. दुष्काळात वाहतं पाणी उरलं नव्हतं, साचलेल्या डोहांत शेवाळ माजलं, मग हवा एकदम गार झाली, वरखालचं पाणी मिसळलं आणि प्राणवायूच संपला. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तेच, यावेळी पूर ओसरताना आणि त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर. आम्ही नंतर गेलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या आजी म्हणाल्या, कित्येक दिवस खिडक्या उघडल्या नव्हत्या, आणि म्हातारे 'मरे कॉड' मासे मरून तरंगताना पाहून त्यांचा मुलगा रडला. हा मासा कित्येक दशकं जगतो. एवढं सांगून आजींनी आम्हाला नदीकडेच पाठवलं. रेड गमची झाडं, पेलिकनांचे थवे, गुलाबी काकाकुवे, सगळं होतं. जवळच किंचेगा राष्ट्रीय उद्यानात १८७५ ची लोकर कातरायची शेड आहे, १९६७ पर्यंत तिथे साठ लाख मेंढ्या कातरल्या गेल्या. लाकडावर कामगारांनी कोरलेली नावं बोटाने वाचता येतात.

अ‍ॅडलेडचा एक

आम्ही उलटे, वेंटवर्थकडून वर गेलो. संगमाच्या मनोऱ्यावर जरूर चढा. डार्लिंग दुधाळ मातकट, तिला मिळणारी मरे नदी हिरवट, दोन रंग काही अंतर वेगळेच वाहतात. गावात ट्रॅक्टरचं स्मारक आहे. १९५६ च्या महापुरात दोन्ही नद्या एकदम चढल्या तेव्हा छोट्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी मातीचे बांध घालून गाव वाचवलं.

पहिल्यांदाच जाणार

जुलैत मुलांना घेऊन जायचा विचार आहे. साधी गाडी चालेल का?

वऱ्हाडी (सध्या सिडनी)

कोरडं असेल तर सावकाश चालवून पुष्कळ ठिकाणी चालते, तरी उंच गाडी बरी. थोडा पाऊस पडला तरी रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड आहे. रोज सकाळी रस्त्यांची स्थिती बघा, दोन दिवस अडकलात तरी पुरेल इतकं पाणी आणि खाणं ठेवा, पेट्रोल दिसेल तिथे भरा. जुलैत रात्री कडाक्याची थंडी असते, मुलांची पांघरुणं जास्त घ्या. आणि लाऊथ, टिल्पा ही छोटी गावं नुसती ओलांडू नका, खानावळीत बसून बोला. नदीचं खरं ते लोकच सांगतात.