फोडांच्या जागी उठलेले तीळ आणि गळालेली नखे

बी-३०४ : नमस्कार. सात महिन्यांपूर्वी आकडीच्या औषधाची रिॲक्शन येऊन आमच्या लेकीची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली होती, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आता ती शाळेत जाते. परंतु पाठीवर जिथे फोड होते, तिथेच गेल्या दोन महिन्यांत पंधरा-वीस काळे तीळ उठले आहेत आणि गळालेल्या नखांच्या जागी आडव्या खाचांची नखे येत आहेत. सासूबाई चुना लावून तीळ काढा म्हणतात. डॉक्टरताई, आजार उलटला आहे का?

ए-१०१ : वहिनी, आजार उलटलेला नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममधून, म्हणजे तिला झालेल्या कातडी सोलून काढणाऱ्या औषधाच्या रिॲक्शनमधून, बऱ्या झालेल्या काही मुलांच्या अंगावर, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, असे तीळ एकदम उठतात आणि ते बहुधा निरुपद्रवी असतात. तरीही चुना किंवा बिब्बा अजिबात लावू नका. एकतर नाजूक कातडीवर नवी जखम होईल, शिवाय तीळ जाळून टाकला तर तो पुढे तपासताच येणार नाही. आज मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना एकदा सगळे तीळ दाखवा आणि एखादा तीळ वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आले, तर लगेच दाखवा.

आजारात नखाच्या मुळाची वाढ काही काळ थांबते, त्याची खूण म्हणजे ती आडवी खाच. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे खाच टोकाकडे सरकत असेल तर ती निघून जाईल. पायाच्या नखांना वर्ष-दीड वर्ष लागते. मुळावरच व्रण राहिला असेल, तर मात्र नख कायमचे पातळ राहू शकते.

मला याहून अधिक काळजी औषधाची आहे. कार्बामाझेपिन या आकडीच्या औषधाने त्रास झाला असेल, तर फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन ही आकडीची औषधेही टाळावी लागतात, म्हणून औषधाचे नाव लिहिलेले कार्ड तिच्या दप्तरात असू द्या. आणि तिचे डोळे कसे आहेत?

बी-३०४ : कार्ड आजच करते. डोळ्यांचे मी विचारलेच नव्हते; उन्हात ती डोळे उघडत नाही, सारखी चोळते, आम्हाला ती सवय वाटली.

ए-१०१ : ती सवय समजू नका. या आजारानंतर पापणीच्या आतल्या बाजूला व्रण राहू शकतात, पापण्यांचे केस आत वळू शकतात आणि बुबुळाला इजा होऊ शकते. उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मी सोबत येते.