मदत हवी आहे: ७ फुटी ओपनिंगला फोल्डिंग दार टिकेल का?

पॅसेजमधे ७ फूट रुंद जागा आहे, अर्ध्यात फ्रंट लोड मशीन न् वर ड्रायर, अर्ध्यात कपड्यांचे शेल्फ. पॅसेज जेमतेम ३ फुटी, म्हणजे साडेतीन फुटी दोन पल्ले बाहेर उघडणारच नाहीत. स्लायडिंगचा विचार केला पण ते एका वेळी अर्धंच उघडतं. पडदा लावून बघितला, सारखा ओला होतो. म्हणून आता चार पल्ल्यांचं फोल्डिंग डोक्यात आहे, हवेसाठी लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची जाळी) ठेवून (आवाज येईल माहितीये, पण आत ओल धरण्यापेक्षा बरं). खाली ट्रॅक नकोय, कचरा अडकतो. वर पक्का बीम आहे. वापरलेल्यांनी प्लीज सांगा, नुसत्या वरच्या ट्रॅकवर असे पल्ले काही वर्षांनी झुकतात का, आणि लाकडी घ्यावे की अ‍ॅल्युमिनियमचे?