अपघातानंतर दादाला घरी आणलंय. पुढच्या काही महिन्यांसाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझ्या मोठ्या भावाचा (वय ४१) पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर जे एस वळण लागतं, तिथे अपघात झाला. मागून कंटेनर आला आणि गाडी कठड्यावर चेपली. डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं, त्यात रॉड घातलाय. उजव्या हाताची कोपर ते मनगट दोन्ही हाडं मोडली, तिथे प्लेटा आहेत. डावीकडच्या बरगड्याही गेल्यात, त्यांना काही करत नाहीत म्हणे. डोक्याला टाके पडले, सीटी नॉर्मल आला. काल डिस्चार्ज मिळाला, आता साताऱ्यात घरी आहे.

अडचणी अशा:
डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय 'वॉकरने पार्शल वेट बेअरिंग', म्हणजे पायावर थोडाच भार द्यायचा. पण उजवा हात प्लेटांचा, तो वॉकर धरणार कसा? घरात संडास देशी आहे. गुडघा वाकतच नाही. निघताना व्यायाम दाखवले ते पाच मिनिटांत, हातात एक झेरॉक्स दिली, त्यावरची चित्रंसुद्धा कळत नाहीत. आईचं म्हणणं, गावाकडच्या हाडवैद्याला बोलावून मालिश करून घेऊ. दादा कुणाशी धड बोलत नाही, आणि घर हायवेपासून जवळ असल्याने रात्री ट्रकचा हॉर्न वाजला की दचकून उठतो. वहिनीची नोकरी आहे, म्हणून दिवसभर मी आणि आई.

शिवाय जो येतो तो विचारतो, 'कधी चालणार?' काय सांगायचं?

हळूहळू_चाला
मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्ण न बघता सगळं सांगता येत नाही, तरी तुमच्या प्रश्नांपुरतं लिहिते.

आधी वॉकर. साध्या वॉकरला जोडायची एक पन्हळीसारखी गादी मिळते. तिच्यात कोपरापासून पुढचा हात आडवा टेकवायचा, म्हणजे भार मनगटावर न येता कोपराजवळ येतो. सर्जिकलच्या दुकानात 'प्लॅटफॉर्म वॉकर' म्हणून मागा. पण प्लेटा घातलेल्या हातावर असा भारही आत्ता चालेल का, हे तुमच्या सर्जनलाच विचारा. नाही म्हणाले तर तोवर पलंग ते खुर्ची एवढंच, आणि तेही एका पायावर, कुणीतरी डाव्या बाजूला उभं राहून.

'पार्शल' म्हणजे किती किलो, तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. आकडा कळला की घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवायचा. दादांनी आधार धरून उभं राहायचं, उजवा पाय काट्याच्या उंचीच्या पाटावर आणि डावा काट्यावर. काटा त्या आकड्यावर येईपर्यंत हळूहळू दाबायचं. डोळे मिटून तेवढाच दाब परत देता आला की पायाला अंदाज आला म्हणायचं. 'थोडासा टेकवा' असं म्हटलं तर कुणी फुलासारखा टेकवतं, कुणी सगळं अंग टाकतं.

आता गुडघा. घरोघरी एक समजूत असते की हाड जुळेपर्यंत पाय हलवायचा नाही. रॉड घालतात तोच मुळी पाय लवकर हलवता यावा म्हणून. मांडीचं हाड पक्कं जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तोवर गुडघा सरळ ठेवून बसलात तर हाड जुळेल आणि गुडघा आखडलेला राहील, मग तो सोडवायला हाडापेक्षा जास्त त्रास. गुडघ्याला हात लावू नका असं सर्जनने मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल सांगितलं तर आजपासून:

पलंगावर एक गुळगुळीत फळी ठेवा, लॅमिनेट मारलेली. तिच्यावर थोडी टाल्कम पावडर. पायात मोजा घालून टाच त्या फळीवरून कुल्ल्याकडे सरकवत आणायची, दुखायला लागलं की तिथे थांबून दहा आकडे मोजायचे, मग सोडायचं. दुसऱ्या कुणी पाय धरून जोरात वाकवायचा नाही. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. पावलं वरखाली हलवणं तर जागेपणी दर तासाला, दोन्ही पायांचं.

बरगड्यांना खरंच काही करत नाहीत. पण दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि छातीत कफ साचतो. हॉस्पिटलात तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र दिलं असेल, ते फुंकायचं नाही, ओढायचं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची.

सुरुवातीला घरी येणारा फिजिओ बघा. बाहेर पडता यायला लागलं की क्लिनिकला जा, तिथे साधनं असतात. घरी येऊन नुसतं शेक-मशीन लावून बसणारा असेल तर बदला. पैसे व्यायाम करून घेण्याचे द्यायचे.

हाडवैद्य नको. त्यावर सविस्तर नंतर लिहिते, आत्ता पेशंट आहेत.

मधुरा कोथरूड
आमच्याकडे नवऱ्याचं ओटीपोटाचं हाड मोडलं होतं, म्हणून संसारी बाजू सांगते.

पलंग, कमोडची खुर्ची, वॉकर यातलं काहीही विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत कुठल्या ना कुठल्या मंडळाचं, रोटरीचं किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं. अनामत ठेवायची आणि नाममात्र भाड्यावर सगळं मिळतं. साताऱ्यात नक्की असणार, औषधांच्या दुकानात विचारा, त्यांना माहीत असतं. मधे भोक असलेली कमोड खुर्ची देशी भांड्यावर सरळ बसते. खुर्चीच्या पायांचे रबरी बूट झिजलेले नाहीत ना, ते आणतानाच बघा, ओल्या फरशीवर तेच घात करतात.

पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर कुल्ले गुडघ्यापेक्षा किंचित वर राहतील. गादी खाली बसणारी असेल तर तिच्याखाली फळी टाका. अंगाला जागच्या जागी घासून सरकवू नका, चादरीसकट उचला. दर दोन तासांनी थोडी कूस बदलायची, आणि रोज माकडहाड नि टाचांवर नजर टाकायची. लाल डाग दाबल्यावरही पांढरा पडत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात.

खाणं: नाचणीची आंबील रोज (शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं), अंडी, डाळी, पनीर, चालत असेल तर मासे. लोक डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप घेऊन येतील. खाऊ दे, पण सगळी भिस्त त्यावर नको. झोपून असणाऱ्याचं वजन वाढलं तर ते पुढे त्याच पायाला उचलावं लागतं. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, ते डॉक्टरांना लाजता सांगा. लाज न बाळगता म्हणायचं होतं :)

आणि एक विचारते, दादा तंबाखू, मशेरी, सिगरेट यातलं काही घेतात का? निकोटिनने रक्तपुरवठा आकसतो आणि हाड जुळायला उशीर होतो. आमच्या सर्जनने नवऱ्याची पुडी माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावली होती.

खवचट आजोबा
वैद्यकीय सल्ला देणारे जाणकार आहेत, मी भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त सांगतो.

दारावर कागद लावा: 'भेट सायंकाळी ५ ते ६. रुग्णासमोर दुसऱ्याच्या अपघाताची गोष्ट सांगू नये.' हसू नका. आमच्याकडे एक बाई येऊन 'माझ्या दिराचं अगदी असंच, पाय दोन इंच आखूडच राहिला बघा' असं सांगून चहा पिऊन गेल्या. रुग्णाने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

'कधी चालणार' असं विचारलं की 'आज गुडघा किती वाकला' ते सांगायचं. पुढचा प्रश्न येत नाही.

काळा कोट
मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, म्हणून फक्त कागदांचं बोलतो.

कंटेनरने मागून धडक दिली म्हणजे त्याच्या विमा कंपनीवर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा होतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. 'दादा बरा झाला की बघू' असं म्हणून महिने घालवू नका. दावा अपघात झाला तिथेच करायला हवा असं नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे तुम्हाला साताऱ्यातच.

एक फाईल करा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिलं. लोक विसरतात ते म्हणजे फिजिओच्या पावत्या, गाडीभाडं, खुर्ची-वॉकरचं भाडं आणि बिनपगारी रजेचं ऑफिसचं पत्र. फिजिओ पावती देत नसेल तर मागा.

कुणी माणूस घरी येऊन 'लगेच चेक देतो, इथे सही करा' म्हणाला तर वाचल्याशिवाय सही नको. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला चूक कुणाची हे सिद्ध न करता अडीच लाख मिळतात. पण चूक समोरच्याची आणि कमाईचं नुकसान मोठं असेल, तर त्यावर समाधान मानायचं का, याचा आधी विचार करा.

अपंगत्वाचा दाखला घाईने काढू नका. उपचार संपून पाय स्थिरावल्यावर किती दोष उरला, ते बघून टक्के ठरतात. आणि पायाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: माणूस काम काय करतो आणि त्या दोषामुळे ते काम किती अडतं, हे बघायचं. दादा काय करतात?

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. फळी आणि पावडर आजच सुरू केली. दादा एका औषध कंपनीचा एमआर (डॉक्टरांना भेटणारा प्रतिनिधी) आहे, म्हणजे दिवसभर फिरतीच. तंबाखू खायचा, आता पुडी मी लपवलीय, घरात त्यावरून महाभारत चालू आहे.

एक विचारायचं होतं. सकाळपासून डावी पोटरी जरा सुजल्यासारखी, गरम लागतेय, दुखतेय म्हणतो. आईने तेल कोमट करून ठेवलंय. हलक्या हाताने चोळलं तर चालेल ना?

हळूहळू_चाला
नाही! चोळू नका, आणि आत्ता लगेच सर्जनला फोन करा. मांडीचं हाड मोडून झोपून असलेल्या माणसाची पोटरी अशी सुजली तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी बघावं लागतं. चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात. दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यात रक्त आलं तर फोनाफोनी न करता १०८ ला बोलावून थेट इमर्जन्सी.

कृष्णाकाठ
डॉपलर झालं. पोटरीत गुठळी आहे. आज दवाखान्यात ठेवून घेतलंय, रक्त पातळ करायची औषधं सुरू केली. दम वगैरे नाही. आई तेलाच्या वाटीकडे बघत बसून आहे, तिला काय बोलावं कळत नाही.

मधुरा कोथरूड
आईंना सांगा, तेल लावलं नाही ना, मग झालं. आता त्यांना काहीतरी काम द्या. आमच्या सासूबाई औषधांच्या वेळा वहीत लिहायच्या, आणि कुणाला चुकू द्यायच्या नाहीत.

हळूहळू_चाला
वेळेत गेलात, बरं केलंत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना डॉक्टरांना न विचारता कुठलीही दुखण्याची गोळी, काढा किंवा हाडजोडीची पावडर नको. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, मार लागल्यावर मोठा काळानिळा डाग दिसला तर कळवा. व्यायाम कधी परत सुरू करायचे ते तिथेच विचारून या.

हाडवैद्याचं राहिलं होतं. ताज्या मोडलेल्या भागाभोवती जोरात मालिश आणि ओढाताण केली की स्नायूतच हाड तयार होऊ शकतं, कोपराला हे विशेष होतं. मग सांधा कायमचा अडकतो. दादांचा उजवा हात आठवा.

निद्रानाश
हॉर्नने दचकण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी समुपदेशक आहे.

पहिले काही आठवडे दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, हे बहुतेकांना होतं आणि बरंचसं आपोआप ओसरतं. महिन्याच्या पुढे तसंच राहिलं, गाडीचं नाव काढलं तरी घाम फुटायला लागला, किंवा 'मेलो असतो तर बरं' अशी भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. यावर नेमके उपचार आहेत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

दुसरं म्हणजे डोक्याला टाके पडलेत. सीटी नॉर्मल असला तरी मेंदूला हादरा बसला असेल तर विसरभोळेपणा, आवाज सहन न होणं, चिडणं दिसतं, आणि घरचे म्हणतात 'स्वभाव बदलला'. पुढच्या तपासणीला हे सांगा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी दाखवा. मेंदूवरचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही दिसू शकतो.

त्याच्याशी 'धीर धर' वगैरे बोलू नका. त्याला त्याच्या कामाचं काहीतरी विचारा. एमआर माणूस आहे, फोनवर डॉक्टरांशी बोलायला तोंड अजून शाबूत आहे.

कृष्णाकाठ
मधल्या काळात लिहायला झालं नाही. दादा घरी आहे, पोटरीची सूज उतरलीय, गोळ्या अजून चालू. गुडघा नव्वदपर्यंत येतो, फिजिओने कोनमापक लावून मोजला. प्लॅटफॉर्मवाला वॉकर मिळाला. सर्जनने हातावर भार द्यायला परवानगी दिली आणि वजनकाट्यावरचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला, तो दादाने भिंतीवर चिकटवलाय. दाव्याचे कागद वकिलांकडे दिले. त्याच्या वरिष्ठांनी काही डॉक्टरांच्या भेटी फोनवर करायला दिल्यात, तेवढा वेळ तो जरा माणसात असतो. रात्री अजून दचकतो, टेलीमानसला फोन केला होता, पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष तज्ज्ञांची वेळ आहे.

आता प्रश्न जिन्याचा. आम्ही पहिल्या मजल्यावर, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं, त्याला ते अजिबात आवडत नाही.

हळूहळू_चाला
नव्वद अंश आला म्हणजे जिन्याचा विचार करता येईल, पण परवानगी सर्जनची. पहिल्यांदा फिजिओ सोबत हवा. वॉकर जिन्यावर न्यायचा नाही, चांगल्या म्हणजे डाव्या हाताने कठडा धरायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मदत करणाऱ्याने चढताना मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली उभं राहायचं. तुमचा कठडा चढताना उजवीकडे असेल तर चढताना अडचण येईल. कुठल्या बाजूला आहे?

कृष्णाकाठ
उजवीकडेच आहे :( भिंतीला डावीकडे पाइप ठोकून घेता येईल का, सुताराला विचारते.

खवचट आजोबा
सुतार नको, फॅब्रिकेशनवाला बोलवा. लाकडी भिंतपट्टीवर माणसाचा भार देऊ नका, स्टीलचा पाइप आणि विटेत खोल जाणारे बोल्ट. आणि तोही पाइप ठोकताना विचारणारच, 'कधी चालणार?'