चाहत्यांच्या पत्रांना काय उत्तर द्यावं?

अंतरा

नमस्कार मंडळी. मी कविता लिहिते आणि अलीकडे गाण्यांसाठीही लिहू लागले आहे. संग्रह निघाला तेव्हा आलेल्या पत्रांना उत्तरं देणं सोपं गेलं, कारण ती कवितेबद्दल होती. अमुक कडवं आवडलं, तमुक ओळ कळली नाही, असं. गाण्यांमुळे येणारी पत्रं निराळीच असतात. माणूस गाण्याबद्दल दोन ओळी लिहितो आणि मग पानभर स्वतःबद्दल. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणी घरापासून फार लांब राहत असतं. शेवटी एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर फक्त माझ्याकडेच आहे अशा खात्रीनं तो विचारलेला असतो.

आत्ता समोर आहे ते पत्र सांगते. एका बाईंचे वडील शेवटच्या काही महिन्यांत फारसं बोलत नव्हते, पण माझ्या एका गाण्याचा मुखडा गुणगुणायचे. मूळ ओळ आहे, 'उन्हे उतरली, ये ना जरा'. ते म्हणायचे, 'उन्हे उतरली, ये ना घरा'. बाईंनी एकदोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. आता त्यांच्याकडे सगळे 'घरा'च म्हणतात. वडील गेले. पत्राच्या शेवटी बाई विचारतात, 'ही ओळ तुम्ही कुणासाठी लिहिली होती?'

खरं उत्तर आहे, कुणासाठीच नाही. चाल आधी झाली होती. संगीतकारानं नुसतं 'ला ला' गाऊन ती पाठवली आणि मी तिच्यावर शब्द बसवले. मुखड्याचा शेवटचा सूर लांब धरलेला होता, तिथे 'आ'नं संपणारा शब्द हवा होता, म्हणून 'जरा'. हे त्या बाईंना कोणत्या तोंडानं लिहू? आणि हे लिहायचं नाही तर मग काय लिहायचं? खोटं लिहायचं नाही, एवढं पक्कं आहे.

शिवाय, सगळ्यांना उत्तर द्यावंच का? आणि स्वतःच्या कविता पाठवून अभिप्राय मागणाऱ्यांचं काय करावं? इथे जुने लिहिणारे आहेत, म्हणून विचारते.

कोरी पाटी

सगळ्यांना उत्तर देत बसलात तर लिहाल कधी? गाणं एकदा बाहेर पडलं की ते ऐकणाऱ्याचं झालं. कवीनं मधे बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या बाईंच्या मनात त्या ओळीत त्यांचे वडील आहेत. तुम्ही काहीही सांगितलंत तरी त्यांना थोडं सरकून बसावं लागेल. मी प्रश्नाला हात न लावता सांत्वनाचं छोटं पत्र लिहिलं असतं.

ध्रुवपद

कोरी पाटी, तुमच्या काळजीत तथ्य आहे, पण टाळलेला प्रश्न लगेच कळतो. धीर करून विचारलेल्या प्रश्नाला गुळगुळीत सांत्वन आलं की माणसाला वाटतं, आपण विचारायलाच नको होतं. असं वाटायला लावण्यापेक्षा उत्तर न दिलेलं बरं.

अंतराताई, मी बरीच वर्षं गाणी लिहितोय, त्यातली निम्म्याहून अधिक चालीवर. चालीवर लिहिलेलं म्हणजे कमअस्सल, ही समजूत आधी मनातून काढा. तुमचं उत्तर तिथेच अडलंय. 'कुणासाठी नाही, चाल होती म्हणून' हे अर्धंच खरं आहे. चाल फक्त एवढंच सांगते की इथे तीन मात्रा हव्यात, शेवट उघडा हवा, सूर लांबवताना गायिकेचं तोंड मिटता कामा नये. तसे शब्द मराठीत ढिगानं आहेत. 'मना' आहे, 'सखा' आहे, 'पुन्हा' आहे. त्यातून तुम्ही 'जरा' उचललात. वहीत काय काय खोडलंत ते काढून बघा. जे खोडलं ते का खोडलं, हेच त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि लांब धरलेल्या सुराची गोष्ट लपवू नका. आपल्या आवडत्या ओळीमागे कुणीतरी किती विचार केला होता हे कळलं की माणसं दुखावत नाहीत, उलट सुखावतात. हे मी अनेक पत्रांवरून सांगतोय.

आता वडिलांचा 'घरा' बघा. लघु-गुरु, तीन मात्रा, शेवटी तोच 'आ'. चाल कुठेच अडखळत नाही. बोलणं जवळजवळ थांबलेल्या माणसानं सूर, मात्रा, यमक, सगळं सांभाळून शब्द बदलला. शिवाय 'घरा' हे अभंग-ओव्यांतलं जुनं रूप, ज्याचे कान त्यावर वाढलेत त्याच्याच तोंडी ते येणार. मुलीला हे कुणी सांगितलं असण्याची शक्यता कमी. तिला 'बाबा चुकीचं गात होते' एवढंच ठाऊक असेल. तुम्ही सोडून हे तिला कोण सांगणार?

1902 साली लष्करी अकादमीतल्या एका तरुणानं जर्मन भाषेत लिहिणारा कवी रिल्के याला स्वतःच्या कविता पाठवल्या. बरेच आठवडे गेले आणि मग पॅरिसहून उत्तर आलं. पुढे 1908 पर्यंत रिल्केनं त्याला एकूण दहा पत्रं लिहिली. त्या पत्रांतली उपदेशाची वाक्यं लोक जागोजागी उद्धृत करतात. मला सर्वांत जवळचं वाटतं ते मे 1904 मध्ये रोमहून लिहिलेलं पत्र. त्यात रिल्केनं त्या तरुणाचंच एक सुनीत स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या कुणाची कविता असावी तशी ती त्याला वाचता यावी म्हणून. मोठा कवी, आजारपणं, प्रवास, स्वतःचं लेखन, आणि तो बसून एका अनोळखी मुलाच्या चौदा ओळी उतरवून काढतो! चाहत्याला उत्तर देणं म्हणजे काय हे मला त्या एका कृतीतून कळलं. बाईंच्या वडिलांची ओळ तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून पाठवा.

बाकी सवयीच्या गोष्टी. उत्तर लिहिताना मूळ पत्र समोर उघडं ठेवावं, आठवणीवर लिहू नये. 'अ‍ॅलिस'च्या गोष्टी लिहिणाऱ्या ल्युइस कॅरलनंही 1890 मध्ये पत्रलेखनावरच्या एका छोट्या पुस्तिकेत हेच सांगून ठेवलंय. समोरच्याला लागेल असं काही लिहिलं असेल तर पत्र दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवावं आणि आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं, हेही त्याचंच. कॅरल कमालीची पत्रं लिहायचा आणि आल्या-गेल्या पत्रांची रीतसर नोंदवही ठेवायचा, त्यामुळे हा सल्ला हवेतला नाही. उशीर झाला तर उशिराबद्दल एक वाक्य पुरे. पत्रात चालीचं किंवा आवाजाचं कौतुक असेल तर ते संगीतकाराला, गायिकेला कळवावं, पण लिहिणाऱ्याला विचारून. आणि सगळ्यांना उत्तर द्यायची गरज नाही. 'छान, आवडलं' याला उत्तर लागत नाही. ज्यानं काही विचारलंय किंवा काही हवाली केलंय, त्याला द्यावं.

एक प्रकार मात्र अगदी वेगळा. पत्रात जगणं नकोसं झाल्याचा सूर दिसला तर तिथे कवी म्हणून उत्तर देऊ नका, आणि वेळही लावू नका. जीव द्यायचा विचार मनात येतोय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार बळावत नाही, बोलायला वाट मिळते. घरचं कुणी, डॉक्टर, मदतवाहिनी, यांच्यापर्यंत आजच पोचा असं स्पष्ट लिहा, आणि मी तुमचा उपचार करू शकत नाही हेही लिहा. तिथे सुंदर वाक्यांचं काही काम नाही.

मसुदा

कायद्याचं थोडं. आलेल्या पत्राचा कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. बहुतेक देशांत पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. त्यामुळे हृद्य पत्र आलं म्हणून त्याचा फोटो काढून टाकणं चालत नाही, नाव झाकलं तरीही. 1855 साली अमेरिकन लेखक एमर्सननं कवी व्हिटमनला त्याच्या कवितासंग्रहाबद्दल कौतुकाचं खासगी पत्र लिहिलं. व्हिटमननं ते न विचारता छापू दिलं आणि संग्रहाच्या पुढच्या वर्षीच्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं वाक्य सोनेरी अक्षरांत उमटवलं. व्हिटमन कितीही मोठा असला तरी ते वागणं मला पटत नाही.

लोकांच्या कविता: न मागता आलेलं साहित्य बरेच गीतकार उघडतच नाहीत. उद्या तुमच्या गाण्यात एखादी ओळ मिळतीजुळती निघाली तर चोरीचा आरोप यायला वेळ लागत नाही. मी गीतकारांच्या करारांचं काम पाहतो, म्हणून आग्रहानं सांगतो. 'मी पाठवलेल्या कविता वाचत नाही' हे एक वाक्य नम्रपणे लिहून मोकळं व्हावं.

रातराणी

मसुदा, करारांच्या बाजूनं तुमचं बरोबर असेल, पण सरसकट दार लावून घेणं मला मान्य नाही. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सननं एप्रिल 1862 मध्ये हिगिन्सन नावाच्या लेखकाला चार कविता पाठवल्या. त्यानं नवोदितांसाठी लिहिलेला एक लेख तिच्या वाचनात आला होता, बाकी ओळख नव्हती. माझ्या कवितेत जीव आहे का, एवढंच विचारलं. पत्राखाली सही नव्हती. नाव एका कार्डावर, आणि ते कार्ड आतल्या वेगळ्या छोट्या पाकिटात. हिगिन्सनला त्या कविता पुरत्या उमगल्या नाहीत, तरी त्यानं उत्तर दिलं आणि ती मरेपर्यंत देत राहिला. तुम्ही माझा जीव वाचवलात, असं तिनं काही वर्षांनी त्याला लिहिलं. उत्तर द्यायला सगळं कळलेलं असावं लागत नाही.

मी पत्र पाठवणाऱ्यांपैकी आहे. कॉलेजात असताना एका कवीला कविता पाठवल्या होत्या. पोस्टकार्ड आलं. 'तिसऱ्या कवितेतली जिन्याची ओळ तुम्ही पाहिलेली आहे. बाकीच्या वाचलेल्या आहेत.' बस्स. खाली सही. ना प्रोत्साहन, ना उपदेश. पण त्यांनी तिसऱ्या कवितेपर्यंत वाचलं होतं, आणि मला कुठून लिहायचं ते कळलं. मी आजही नवं काही लिहिलं की त्या दोन वाक्यांवर घासून बघते. म्हणून अंतराताईंना विनंती, वर्षातून थोड्याच वाचा, पण वाचा. आणि मत एकाच ओळीबद्दल द्या.

मसुदा

रातराणी, पोस्टकार्डाला माझ्याकडे उत्तर नाही. तडजोड अशी सुचवतो: पुस्तकासाठीच्या कविता वाचा, गाण्यासाठी म्हणून पाठवलेले शब्द वाचू नका. वादाची शक्यता मुख्यतः तिथेच असते. वाचलेलं मेलमध्ये तारखेसह राहू द्या, आणि स्वतःच्या वहीतल्या पानांवरही तारखा घाला.

अंतरा

सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढली. 'जरा'च्या आधी 'पुन्हा' लिहून खोडलेला सापडला. मसुदा तयार केलाय, बघा:

'तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ही ओळ मी ओळखीच्या कुणासाठी लिहिली नव्हती. चाल माझ्याकडे आधी आली. मुखड्याचा शेवटचा सूर लांब धरलेला होता, म्हणून तिथे "आ"नं संपणारा शब्द हवा होता. आधी मी "पुन्हा" लिहिला होता. तो खोडला, कारण त्यात पूर्वी येऊन गेलेल्या माणसाची खात्री होती, आणि या गाण्यातल्या हाक मारणाऱ्याला तशी खात्री नाही. तो नुसता विनवतो, म्हणून "जरा". तुमच्या वडिलांचा "घरा" त्याच सुरावर, तितक्याच मात्रांत बसतो. मी आज गाऊन पाहिला. ते चुकीचं गात नव्हते. त्यांच्या ओळीत कुठे बोलवायचं ते हाक मारणाऱ्याला ठाऊक आहे. माझ्या ओळीत ते नव्हतं. त्यांची ओळ खाली लिहिली आहे. तुमच्या पत्रानं मी भारावून गेले, माझ्याकडे शब्द नाहीत.'

संगीतकारालाही 'घरा' ऐकवावंसं फार वाटतंय. पण आधी बाईंना विचारते.

कोरी पाटी

माझं वरचं मत मी मागे घेतो. हे पत्र जायला हवं.

ध्रुवपद

शेवटचं वाक्य काढा. पानभर शब्द लिहून झाल्यावर 'शब्द नाहीत' कशाला? बाकी एका अक्षराला हात लावू नका, 'माझ्या ओळीत ते नव्हतं' तर अजिबात नाही. आणि वडिलांची ओळ पत्राखाली न लिहिता वेगळ्या कागदावर लिहा. पत्र बाईंचं एकटीचं राहील, आणि ओळ त्यांना घरातल्या सगळ्यांना देता येईल.