‘चौकशी’, ‘तपास’ की ‘सत्यशोधन’?

परभणी : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं २०११ मध्ये सीरियातल्या अत्याचारांवर नेमलेल्या आयोगाला बातमीत ‘तपास आयोग’ म्हणायलेत. बरोबर आहे का? की सरळ ‘पंचनामा’ म्हणावं?

नांदेड : तपास नाही, चौकशी. आयोगाला ‘असं घडलं हे मानायला वाजवी आधार’ पुरतो. तेवढ्यावर कुणाला शिक्षा होत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अभियोक्ता करतो तो तपास. त्यातून पुढं खटल्यात एकेका माणसावर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आयोगाच्या कामाला तपास म्हटलं की वाचक लगेच विचारतो, मग अटक कधी?

लातूर : पण सर, ‘चौकशी’ फार पातळ झालाय. बसस्थानकाच्या खिडकीवरही तोच. ‘सत्यशोधन’ का नको?

नांदेड : म्यानमारसाठी २०१७ ला नेमलेल्या मंडळाला तो चपखल, कारण त्याच्या मूळ नावातच (‘फॅक्ट-फाइंडिंग मिशन’) तो अर्थ आहे. (आधी जोतिबांचा समाज आठवतो, ते चालतंय.) सीरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०१६ मध्ये आणखी तिसरंच काही उभं केलं : पुरावा गोळा करायचा, जपायचा, खटला चालवणाऱ्यांना द्यायचा. त्याला ‘यंत्रणा’च म्हणा.

धाराशिव : पंचनाम्याचं बघा. गारपिटीनंतर तलाठी वावरात उभा राहून तो करतो. अशा कामात बहुतेकदा जागेवर जाताच येत नाही. गेलं तरी जागा तशी राहिलेली नसते. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ च्या हत्याकांडानंतर मारणाऱ्यांनीच पुरलेले मृतदेह यंत्रानं उकरून दुसऱ्या खड्ड्यांत टाकले. एकाच माणसाची हाडं दोन-दोन ठिकाणी निघाली. माती, काडतुसांच्या पुंगळ्या आणि डोळ्यांना बांधलेल्या पट्ट्यांचं कापड जुळवून कोणता खड्डा कुठून भरला हे ठरवावं लागलं. ‘पंचनामा’त हे मावत नाही.

परभणी : आणि ‘जबाब’?

नांदेड : आयोग घेतो ती मुलाखत. सांगितलेलं कुणाला देता येईल, याची संमती आधी घ्यायची. एकाच बाईला तीन संस्थांनी तेच विचारलं की तारखा, वेळा थोड्या हलतात, आणि पुढं बचावाचा वकील उलटतपासणीत नेमकं तेच धरतो. म्हणून ‘याआधी कुणाला सांगितलंय का’ हे पहिल्यांदा विचारायचं.

धाराशिव : नावाचा घोळ आपल्याकडंही आहेच. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर गांधीवादी कार्यकर्ते पंडित सुंदरलाल आणि सोबतचे हैदराबाद संस्थानात फिरले. आपण चौकशी आयोग नाही, सद्भावना मंडळ आहोत, असं त्यांनी अहवालात लिहून ठेवलं. लोकांच्या तोंडी मात्र ‘सुंदरलाल समिती’च.