पोराचं कॉलेज बूट कंपनीने का ठरवावं?

न्यूजर्सीकर:
मुलगा पंधरा वर्षांचा, क्लबकडून बास्केटबॉल खेळतो. जुलैत त्याच्या टीमसोबत एका बूट कंपनीच्या स्पर्धेला गेलो होतो. एका छताखाली आठ कोर्ट, आणि बास्केटमागे ओळीने खुर्च्या टाकून बसलेले कॉलेजांचे कोच. पोरांशी बोलायची त्यांना परवानगी नसते, म्हणून नुसते बघत बसतात. शर्टावर एका बाजूला कॉलेजचं नाव, दुसऱ्या बाजूला कंपनीचं चिन्ह. आमच्या पोराने स्वतः पैसे साठवून घेतलेले बूट दुसऱ्या कंपनीचे होते. क्लबच्या कोचने ते बॅगेत ठेवायला लावले आणि क्लबचे बूट दिले. अर्ध्या नंबरने लहान. दिवसभर तो तेच घालून खेळला.

अमेरिकेत हे नवं नाही. 1977 मध्ये शाळकरी बास्केटबॉल स्पर्धा भरवणारे सॉनी वकारो यांनी नायकीला सुचवलं की कॉलेजच्या कोचना पैसे द्या, टीम आपोआप तुमचे बूट घालेल. पुढे कंपन्या शाळकरी पोरांपर्यंत पोचल्या. आज नायकी, आदिदास आणि अंडर आर्मर यांच्या उन्हाळी स्पर्धांची वेगवेगळी साखळी आहे. पोरगा ज्या साखळीत वाढतो, त्याच कंपनीच्या कॉलेजकडे त्याला हळूहळू वळवलं जातं. सोळाव्या वर्षी त्याला वाटतं की निवड आपण केली. मला हे पटत नाही.

मुक्ता:
मी डेट्रॉइटमध्ये सरकारी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पायाला 15 नंबर लागायचा. साध्या दुकानात तो नंबर मिळत नाही आणि मिळाला तरी त्याच्या आईला परवडला नसता. ती रात्रपाळी करायची. क्लबने त्याला बूट दिले, विमानाचं तिकीट दिलं, हॉटेल दिलं. हा सगळा पैसा कंपनीचा. तुमच्या मुलाला पर्याय होता, दादा. त्याला नव्हता.

आणि लुटलं कोणी ते बघा. ऑगस्ट 2017 मध्ये लुइव्हिल विद्यापीठाने आदिदासशी दहा वर्षांसाठी 16 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. महिनाभरात एफबीआयने धरपकड केली. आरोप काय, तर ब्रायन बोवेन या मुलाने लुइव्हिलला यावं म्हणून त्याच्या वडिलांना 1 लाख डॉलर देण्याचं ठरलं होतं. आदिदासचे जेम्स गॅटो यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि कोर्टाने विद्यापीठाला फसवणुकीचा बळी ठरवलं! 16 कोटी घेणारा बळी आणि लाखाला तयार झालेल्या बापाचा पोरगा कॉलेजच्या खेळातून बाद. चोर सोडून संन्याशाला फाशी.

न्यूजर्सीकर:
मुक्ताताई, विद्यापीठाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बोवेनचंच पुढे बघा. व्यवहार झाला बापाशी. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं मुलाचं म्हणणं. तरी कॉलेजकडून एकही सामना न खेळता त्याला ऑस्ट्रेलियात सिडनीला जावं लागलं. कंपनीचा पैसा गरिबाच्या घरात जातो म्हणता, पण जोखीम सगळी पोराच्या डोक्यावर राहते.

दत्ताराम:
जुनं कशाला उगाळताय? जुलै 2021 पासून कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर उघडपणे पैसे कमवू शकतात. 2025 मध्ये कोर्टात झालेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजच त्यांना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर. टेबलाखालून द्यायची गरजच उरली नाही. विषय संपला.

मुक्ता:
दत्ताराम, ते पैसे बहुतेकांना कॉलेजात पोचल्यावरच मिळतात. पोचायच्या आधीची तीन-चार वर्षं तीच आहेत.

पण एवढा बदल झाला याचा मला मनापासून आनंद आहे. फेब्रुवारी 2019 मधला ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचा सामना मी टीव्हीवर बघत होते. 36 सेकंद झाले असतील, ड्यूकचा झायन विल्यमसन वळायला गेला आणि नायकीचा बूट शिवणीतून फाटून पायच बाहेर आला. गुडघा मुरगळला. करार ड्यूकचा, पैसे ड्यूकचे, गुडघा त्याचा. ते बूट घालण्याबद्दल त्याला तेव्हा एक डॉलर घ्यायची मुभा नव्हती. तेव्हाची व्यवस्था स्वच्छ होती असं मला कोणी सांगू नये. आणि कंपन्यांना वाईट म्हणताना हेही आठवा, की खेळाडूंच्या हक्कासाठी माजी कॉलेज खेळाडू एड ओबॅनन यांचा खटला उभा करण्यात पुढे होते ते हेच वकारो.

न्यूजर्सीकर:
वकारो बदलले, त्यांचा मान ठेवतो. धंदा बदलला नाही. कॅन्सस विद्यापीठात येणाऱ्या खेळाडूंच्या घरच्यांना पैसे दिल्याचं आदिदासच्या माणसाने 2018 मध्ये कोर्टात शपथेवर सांगितलं. पुढच्याच वर्षी कॅन्ससने त्याच आदिदासशी 14 वर्षांचा, 19 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. कोणाला लाज वाटली?

शिवाय कंपनीचा भरवसा किती? अंडर आर्मरने 2016 मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला 15 वर्षांसाठी 28 कोटी डॉलर कबूल केले आणि 2020 मध्ये हात वर केले. मग यूसीएलए नायकीच्या जॉर्डन ब्रँडकडे गेलं. बुटावरच्या चिन्हाकडे बघून तिथे गेलेल्या पोराने काय करायचं?

उन्हाळी स्पर्धा कंपन्यांच्या हातून काढून घ्या, एवढंच माझं म्हणणं. माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांच्या समितीने 2018 मध्येच सांगितलं होतं की जुलैच्या स्पर्धा एनसीएएने, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, स्वतः भरवाव्यात आणि बूट कंपन्यांचा पैसा कुठून कुठे जातो ते उघड व्हावं. मुलं तीच, कोच तेच, फक्त बॅनर काढा.

मुक्ता:
बॅनर काढला की तिकिटाचे पैसेही गेले. एनसीएए त्या आईला विमानाचं तिकीट देणार असेल तर मी उद्या तुमच्या बाजूने उभी राहीन. तोवर माझ्या विद्यार्थ्याने 15 नंबरचे बूट कोणाकडून घ्यायचे, ते मला सांगा.

न्यूजर्सीकर:
तिकीट एनसीएएनेच द्यावं, ताई. मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांतून त्यांना अब्जावधी डॉलर मिळतात, तो पैसाही याच पोरांच्या खेळाचा आहे. बुटांचं म्हणाल तर शाळेचा पत्ता मला निरोपातून कळवा. पहिला जोड माझ्याकडून.